'पेडिक' म्हणजे पाय नव्हे, मूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील शब्दार्थाच्या चौकटीत 'ऑर्थोपेडिक' या शब्दाची फोड 'ऑर्थो म्हणजे हाड, पेडिक म्हणजे पाय' अशी छापली आहे. यातले दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. चूक एकट्या आपल्या पत्राची नाही. नाशिकमध्ये गंगापूर रोड, शरणपूर रोड, कॉलेज रोड, कुठेही उभे राहा, या शब्दाची पाटी दिसतेच, आणि ती रोज वाचणाऱ्या बहुतेकांच्या मनात हाच अर्थ बसलेला असतो. दुरुस्ती एका ओळीत करता आली असती. पण या गैरसमजापायी तान्ह्या मुलांचे नुकसान होते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

'ऑर्थोस' हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ सरळ, ताठ. आपल्या 'ऊर्ध्व' या शब्दाशी भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते जोडतात. दात सरळ रांगेत आणणारा तो ऑर्थोडॉन्टिस्ट; ठरलेल्या मतापासून तसूभरही न हलणारा तो ऑर्थोडॉक्स. यात हाड कुठेच नाही. हाडाला ग्रीकमध्ये 'ऑस्टिऑन' म्हणतात. तो आपल्या 'अस्थि'चा सख्खा भाऊ, आणि तो 'ऑस्टिओपोरोसिस'मध्ये भेटतो: ऑस्टिऑन म्हणजे हाड, पोरोस म्हणजे वाट किंवा छिद्र, म्हणून हाड सच्छिद्र होणे.

शब्दाचा उत्तरार्ध 'पाइडिऑन' यावरून आला. त्याचा अर्थ लहान मूल. बालरोगतज्ज्ञांच्या पाटीवरच्या 'पीडियाट्रिक'मधला 'पीडि' तोच. मुलांचे शिक्षण-संस्कार या अर्थाने 'एन्सायक्लोपीडिया'तही तोच बसला आहे. पायाचा गोंधळ लॅटिनमुळे होतो. लॅटिनमध्ये पाय म्हणजे 'पेस', त्याची रूपे 'पेडिस' वगैरे. त्यावरून पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर. ग्रीकांचा पाय वेगळा, 'पोद-' हे त्याचे अंग, ट्रायपॉडमधले. आपला 'पाद' याच घराण्यातला. तेव्हा ग्रीक 'ऑर्थो'ला ग्रीक पाय जोडला असता तर शब्द 'ऑर्थोपॉडिक' झाला असता. इंग्रजांच्या स्पेलिंगमध्ये 'पी'नंतर 'ए' आणि 'ई' अशी दोन अक्षरे आहेत, ती त्या ग्रीक मुलाची खूण. अमेरिकनांनी 'ए' गाळला आणि मूल व पाय यांतला दिसणारा फरक पुसला गेला. आपण तर शब्द देवनागरीत आणताना उच्चारही 'पीडिक'चा 'पेडिक' करून टाकला.

एकूण अर्थ असा: सरळ मूल, किंवा मूल सरळ करण्याची विद्या.

हा शब्द लोकांच्या बोलण्यातून घडलेला नाही. तो एका माणसाने ठरवून बनवला आणि तसे लिहूनही ठेवले. निकोला आन्द्री हा फ्रेंच वैद्य, जन्म १६५८, लियाँ शहरातला. १७२४ मध्ये तो पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेचा प्रमुख झाला. वयाची ऐंशी उलटल्यावर, १७४१ मध्ये, त्याने 'ऑर्थोपेदी' या नावाचा दोन खंडांचा ग्रंथ काढला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याची व सुधारण्याची कला, असा ग्रंथाचा विषय त्याने मुखपृष्ठावरच सांगितला. ग्रंथ लिहिला तो आईबापांसाठी आणि मुले वाढवणाऱ्या सगळ्यांसाठी. त्यात शस्त्रक्रिया नाहीत. शल्यवैद्यांशी आन्द्रीचे उभे वैर होते. त्यात आहे ते मुलाने कसे बसावे, खुर्चीची बैठक मध्ये खोलगट का नसावी, टेबल किती उंच असावे, वाकड्या नडगीला काय बांधावे. आज या नावाखाली होणारी बहुतेक कामे, म्हणजे मोडलेले हाड जोडणे, गुडघा बदलणे, मणक्याची शस्त्रक्रिया, ही नंतर त्यात येऊन मिळाली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, महायुद्धांत मोडक्या हातापायांचे हजारो सैनिक आले आणि विद्येचा पसारा वाढला. नाव मात्र मुलाचेच राहिले.

त्या ग्रंथात एक चित्र आहे. वाकड्या खोडाचे कोवळे झाड, शेजारी जमिनीत रोवलेली सरळ मेख, आणि दोरीने खोड मेखेला वेटोळे घालून बांधलेले. वाकडे झालेले मुलाचे पाय सरळ करायला वाकड्या रोपाची रीतच वापरावी, असे आन्द्री म्हणतो. जगभरच्या अस्थिव्यंगोपचार संस्थांनी पुढे हेच झाड आपल्या बोधचिन्हात घेतले. हे चित्र निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला समजावून सांगावे लागणार नाही. रिकटनंतर, म्हणजे वेल खाली छाटल्यावर, फुटलेली द्राक्षाची कोवळी काडी बांबूला सुतळीने बांधतात. गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आणि सैल ठेवतात, कारण काडी जाड होत जाते. सुतळी आवळून बांधली की काडीला काच पडतो, सालीतून चालणारा अन्नरस अडतो आणि वरचा भाग रोडावतो. फार सैल बांधली तर वाऱ्याने काडी हलत राहते, वाकडीच वाढते. एका दिवसात हिसका देऊन सरळ करायला गेले तर मोडते.

नेमकी हीच गोष्ट सुश्रुतसंहितेत हाडाच्या बांधणीबद्दल सांगितली आहे. भग्नचिकित्सेच्या अध्यायात म्हटले आहे की बंध सैल पडला तर सांधा स्थिर होत नाही, आणि घट्ट पडला तर त्वचा वगैरेंना सूज, वेदना व पाक (पू होणे) होतो. म्हणून बंध बेताचा असावा. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी तो सोडून पुन्हा बांधावा. बांधायच्या पट्ट्यांना तिथे 'कुश' म्हटले आहे. त्या मोह, औदुंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, बांबू, वड अशा झाडांच्या. आधी ओढून ताण द्यायचा, मग दाबून टोके जागी आणायची, एकमेकांवर बसवायची आणि मग बांधायचे, असा क्रम आहे. बालवयात हाड एका महिन्यात, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळात स्थिर होते, असेही नोंदवले आहे. लहान मुलाचे हाड लवकर जुळते हे आजही कोणत्याही प्लास्टर रूममध्ये दिसते. हाडाच्या भंगांच्या प्रकारांत 'वक्र' नावाचा एक आहे: हाड पुरते तुटत नाही, वाकते. मुलांच्या मनगटाजवळ आज आपण ज्याला ग्रीनस्टिक फ्रॅक्चर म्हणतो, ओली फांदी मोडताना एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने चिकटून राहते तसे, त्याच्याशी हे वर्णन जुळते.

मराठी प्रतिशब्दांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. 'अस्थिरोगतज्ज्ञ' हा शब्द सुटसुटीत म्हणून सर्रास चालतो, पण मोडलेले हाड हा रोग नाही आणि बाळाचे आत वळलेले पाऊलही रोग नाही. 'हाडवैद्य' म्हटले की गावाकडचा हाड बसवणारा डोळ्यांपुढे येतो. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत 'अस्थिव्यंगोपचार' हा शब्द वापरतात. म्हणायला जड आहे, तरी अस्थि, व्यंग आणि उपचार या तिन्हींतून आन्द्रीला अभिप्रेत असलेला अर्थ बराचसा पकडला जातो. फक्त मूल त्यातून निसटले. ते निसटू नये एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. 'ऑर्थो'चे डॉक्टर म्हणजे पडल्या-झडल्यावर जायचे ठिकाण, नाहीतर आजीच्या गुडघ्यांचे, अशी समजूत असल्यामुळे तान्ह्या बाळाला तिथे न्यायचे असते हेच घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

क्लबफूटचे उदाहरण घ्या. हजार जन्मांमागे साधारण एका बाळात हे आढळते. पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली, तळव्याच्या मध्ये खोल घडी. बोटाने हळूच दाबल्यावर पाऊल सहज सरळ होत असेल, तर गर्भाशयात अवघडून राहिल्याने आलेला तो बाक असतो आणि तो बहुधा आपोआप जातो. घट्ट लागत असेल आणि सरळ होत नसेल, तर तो क्लबफूट. ग्रहणात आईने काही चिरले किंवा दुमडले म्हणून असे झाले, असे अजूनही बोलले जाते. त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. नुसत्या तेल-मालिशीनेही हा पाय सुटत नाही. तेलपाणी करणाऱ्या बाईने रोज जोर लावून तो ओढला तर कोवळ्या कूर्चेला, म्हणजे अजून हाड न बनलेल्या मऊ भागाला, इजा होते.

यावरची रीत इग्नासिओ पोन्सेती यांची. जन्म ३ जून १९१४, स्पेनच्या मिनोर्का बेटावरचा. कारकीर्द अमेरिकेतल्या आयोवात. त्यांचा जन्मदिवस आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात. बाळ आठ-पंधरा दिवसांचे झाले की सुरुवात करतात. दर आठवड्याला पाऊल मिनिट-दोन मिनिटे हलक्या हाताने ताणून प्लास्टर घालायचे, पुढच्या आठवड्यात ते काढून थोडे आणखी ताणून नवे घालायचे. सहसा पाच-सहा प्लास्टर पुरतात. पहिल्या प्लास्टरमध्ये अंगठ्याकडचा पुढचा भाग वर उचलून तळव्याची घडी मोडतात. इथेच अनेकांची चूक होते: पाऊल आत वळलेले दिसते म्हणून पुढचा भाग बाहेरच्या अंगाने पिळला, तर तळव्याची कमान आणखी खोल जाते. पुढच्या प्लास्टरांत घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित पुढे लागणाऱ्या हाडावर अंगठा टेकवून सगळे पाऊल त्याभोवती बाहेर फिरवतात. टाचेला हात लावत नाहीत. मोकळी सोडली की ती आपली आपण वळते. प्लास्टर पायाच्या बोटांपासून जांघेपर्यंत आणि गुडघा काटकोनात ठेवून घालावे लागते. गुडघ्याखाली थांबवलेले प्लास्टर बाळ पाय झाडते तसे खाली घसरते, आणि घसरलेल्या प्लास्टरात पाय वाकडाच राहतो.

म्हणून घरी एकच खूण रोज पाहायची: बोटे दिसतात का. काल दिसत होती आणि आज आत गेली, तर प्लास्टर सरकले. त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. पुढच्या वेळेची सोय म्हणून आदल्या रात्री घरीच प्लास्टर भिजवून सोडू नये, कारण रात्रीतून पाय थोडा मागे येतो आणि आठवड्याची कमाई कमी होते.

पाऊल बाहेर वळले, पण टाच अजून वर आहे, असे बहुतेक बाळांत होते. मग टाचेमागची ताणलेली दोरी, म्हणजे अकिलिस टेंडन, जागेवर भूल देऊन बारीक पात्याने आडवी सोडतात आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात दोरी योग्य लांबीची होऊन पुन्हा जुळते. त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट, बाधित पाऊल साठ ते सत्तर अंशांनी बाहेर वळलेले. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चार वर्षांचे होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. पाय पुन्हा वळतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यावर. बाळ चालायला लागते, पाय सरळ दिसतो, बूट घालताना ते रडते आणि घरच्यांना दया येते. बूट माळ्यावर जातात. वर्षभरात पाऊल पुन्हा आत. नातेवाईक 'प्लास्टरचा उपयोग झाला नाही' म्हणतात, पण प्लास्टरचा उपयोग झालेला असतो. बूट सुटलेले असतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत क्लबफूट आहे. गावातल्या आशाताईंना बाळाचे पाऊल दाखवले तर पुढची वाट तिथून मिळते.

सगळेच वाकडे सरळ करायचे नसते, हेही सांगायला हवे. चालायला लागलेल्या मुलाचे पाय दीड-दोन वर्षांपर्यंत धनुष्यासारखे असतात, तीन-चार वर्षांचे होताना गुडघे एकमेकांना लागतात आणि सहा-सातपर्यंत बहुतेकांचे आपोआप सरळ होतात. आन्द्रीने अशा पायांना लोखंडी पट्टी बांधायला सांगितली. आज त्यांतल्या अनेकांना काहीही करायची गरज नसते. दाखवायचे केव्हा? बाक एकाच पायाला असेल, दोन वर्षांनंतरही वाढत असेल, गुडघे जुळवून उभे केल्यावर घोट्यांमध्ये ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर राहत असेल, किंवा मनगटे जाड दिसत असतील तेव्हा. मनगटे जाड होणे ही मुडदूसाची खूण आहे. तसेच, पाय सरळ व्हावेत म्हणून बाळाला दुपट्यात पाय ताठ करून आवळून गुंडाळू नये. त्याने खुब्याचा सांधा खोबणीतून सरकू शकतो. दुपटे छातीशी नीट आणि पायांशी ढिले असावे. बाळाला कडेवर घेण्याची आपली पद्धत, दोन्ही पाय फाकून कमरेला बिलगलेले, खुब्यासाठी उत्तम.

आवळून बांधण्याचा सर्वांत वाईट परिणाम दिसतो तो कोपरात. संक्रांतीला पतंगाच्या नादात मुले गच्चीवरून, भिंतीवरून पडतात. येवल्यात तर पतंगाचा सण तीन दिवस चालतो. मूल हात टेकून पडले की कोपराच्या अगदी वर हाड मोडते. पाच ते सात वर्षांच्या मुलांत हे फार होते. तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. घरी कुणीतरी म्हणते 'लचकलंय, मुरगळलंय', तेल चोळले जाते, बांबूच्या कामट्या लावून फडके आवळले जाते. आतून सूज वाढते, बाहेरून फडके जागा देत नाही, मधल्या स्नायूंचे रक्त तुटते. सहा तासांनंतर स्नायूंचे नुकसान भरून न येणारे होऊ लागते आणि बोटे कायमची पंजासारखी वळतात. जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या वळलेल्या हाताचे कारण रक्तपुरवठा तुटणे हे असल्याचे मांडले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. हे पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे.

अशा वेळी हात आहे त्या स्थितीत ठेवावा. पूर्ण दुमडू नये, सरळही करू नये. घडी घातलेले वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा खाली देऊन ओढणीने सैल झोळी करावी. कडे, अंगठी, मनगटातला गंडा लगेच काढावा, सूज आल्यावर निघत नाही. खायला-प्यायला देऊ नये, भूल द्यावी लागू शकते. प्लास्टर घातल्यानंतर पहिले दोन दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच. नखावर दाबून सोडले की गुलाबी रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. बोटे पांढरी किंवा निळी पडली, गार लागली, मुंग्या आल्या, किंवा आपण बोटे सरळ करताना मूल किंचाळले, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजता जावे आणि प्लास्टर आतल्या कापसापर्यंत उभे चिरून घ्यावे. औषध देऊनही न थांबणारे दुखणे म्हणजे 'हाड जुळतंय म्हणून दुखतंय' असे कधीच नसते.

'फ्रॅक्चर नाही, नुसता क्रॅक आहे' हे वाक्य आपल्या बातम्यांतही येते. क्रॅक म्हणजे फ्रॅक्चरच. टोके जागची हललेली नाहीत एवढेच. आराम आणि आधार त्यालाही लागतो, नाहीतर जागेवर असलेली टोके सरकतात.

आपल्याकडे मागणे दोन. पुरवणीत 'ऑर्थोपेडिक'चा खरा अर्थ, सरळ मूल, त्याच जागी आणि त्याच आकारात छापावा. आणि ३ जूनच्या अंकात, जमल्यास आन्द्रीच्या त्या बांधलेल्या झाडाच्या चित्रासह, एवढी चौकट द्यावी: नवजात बाळाचे पाऊल आत वळलेले असेल आणि बोटाने सरळ होत नसेल, तर पहिल्या पंधरवड्यातच अस्थिव्यंगोपचारतज्ज्ञांना दाखवा; उपचार प्लास्टरने होतो; बूट चार वर्षांपर्यंत सोडू नका.

आपले,
अस्थिव्यंगोपचार विभागात काम करणारे दोघे,
नाशिक